हॅगडेनचा करंटा

क्लेम पिलिंगला इंग्लंडमधल्या हॅगडेन या गिरणगावात सगळे 'रेच' म्हणत. इंग्रजीतला हा एवढासा शब्द मराठीत आणायचा तर 'बिचारा' आणि 'करंटा' दोन्ही एका दमात म्हणावे लागतील. एकात जीव हळहळतो, दुसऱ्यात नाक मुरडतं, आणि एक कुठे संपून दुसरं कुठे सुरू झालं ते म्हणणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हिल्डा रॉस्ट्रनला तो शब्द ऐकून नव्हे, बघून पाठ झाला होता. कापडगिरणीच्या साचेखात्यात सकाळी साचे, म्हणजे माग, सुरू झाले की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू यायचा नाही. म्हणून बायका ओठांनी बोलत. आवाज नाही, फक्त तोंड, प्रत्येक अक्षर चांगलं घोळवून. खात्याच्या पार त्या टोकाची बाई सासूला काय शिव्या घालतेय ते या टोकाला बिनचूक कळायचं. हिल्डा म्हणायची, या शब्दाला ओठ आधी मुका घ्यावा तसे गोल होतात आणि शेवटी थुंकावं तसे पुढे येतात. बघणाऱ्याला कळत नाही, नक्की काय करायचं होतं.

क्लेमला तो जन्मापासून चिकटलेला नव्हता. दुसरं महायुद्ध संपून घरी आलेला, लांबट मानेचा, कान जरा बाहेर आलेले, असा तो एक साधा हसरा तरुण होता. गिरणीत सुताच्या कांड्यांच्या टोपल्या वाहायचा आणि गावच्या बॅन्डमध्ये युफोनियम वाजवायचा. युफोनियम म्हणजे तान्ह्या पोरासारखं छातीशी धरायचं मोठं पितळी वाद्य. त्याचा आवाज जाडाभरडा नसतो, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा असतो. क्लेम संध्याकाळी घरी सराव करायला बसला की शेजारीपाजारी भिंतीवर ठोकायचे नाहीत, खिडक्या उघडायचे.

बॅन्डचे मास्तर होते जेबेझ रॉस्ट्रन, हिल्डाचे वडील. दिवसा साचेखात्यात जॉबर, साचा बिघडला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरणारे. गुरुवारी संध्याकाळी मात्र सहकारी दुकानाच्या माडीवर हात वर करून उभे राहत, आणि दिवसभर ज्यांच्याशी नटबोल्टवरून भांडले ती माणसं त्यांच्या बोटांवर श्वास घ्यायची. बायको लवकर गेलेली. घरात हिल्डा आणि बॅन्ड, एवढाच संसार.

मँचेस्टरच्या मोठ्या स्पर्धेत हॅगडेनला पहिल्यांदा वरच्या गटात बोलावणं आलं, तो सप्टेंबर. गाव रिकामं झालं. बसगाड्या भरून माणसं गेली. बायकांनी चर्चला घालायच्या टोप्या घातल्या होत्या आणि मांडीवर हॅमच्या सँडविचची पुडकी धरली होती. क्लेमच्या आईने तर शेजारणीकडून फरची पट्टी मागून आणली होती. जाताना पूर्ण रस्ता गाणी चालली होती.

हिल्डा सज्जात पुढच्या रांगेत बसली. हॅगडेनचं वादन सुरू झालं आणि पहिल्या चार श्वासांतच तिला कळलं की आज काहीतरी वेगळं आहे. मधल्या संथ भागात आधी कॉर्नेटची, म्हणजे छोट्या तुतारीची, एक लांबलचक ओळ होती आणि तिच्या पाठोपाठ तीच ओळ युफोनियमने खालून उचलायची होती. कॉर्नेट होता पर्सी टॅटरसॉलकडे. पर्सी एरवी नेटका वाजवायचा, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याला स्वतःलाही पुन्हा कधी जमलं नसतं. हिल्डाच्या शेजारची बाई सँडविच तोंडाशी धरून तशीच थांबली.

पर्सीचं झालं. मास्तरांनी डावा हात क्लेमकडे पसरला, पुढे ये म्हणावं तसा.

काही आलं नाही.

क्लेमने वाद्य छातीशी धरलेलं, ओठ मुखाशी टेकवलेले, डोळे मिटलेले. मागची साथ चालूच होती, नवरदेवाविना वरात निघावी तशी. हिल्डा जिथे बसली होती तिथून तिला वडिलांचा अर्धा चेहरा दिसत होता. त्यांचे ओठ हलत होते. "आता. आता रे पोरा. वाजव." मग ओठ मिटले. ती सबंध ओळ तशीच रिकामी गेली आणि पुढच्या भागात बाकीचे सगळे एकदम घुसले.

निकालात हॅगडेनचं नाव कुठेच नव्हतं. परत येताना कुणी गायलं नाही. हिल्डाने मान वळवून मागे पाहिलं तर बसच्या काचांतल्या प्रतिबिंबांत, एकमेकींच्या कानाशी, सगळीकडे तोच शब्द ओठांवर होता. क्लेम शेवटच्या बाकावर आईशेजारी बसला होता. आई फरची पट्टी घडी करून पिशवीत ठेवत होती.

गावाने आपापली कारणं शोधली. कुणी म्हणालं प्यायला होता, कुणी म्हणालं छाती दडपली, कुणी म्हणालं लढाईतून आलेली पोरं अशीच होतात. क्लेमने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बॅन्डच्या कमिटीने युफोनियम काढून घेतलं, वाद्यं बॅन्डच्या मालकीची होती. क्लेमने ते आपल्या रुमालाने पुसून दिलं. गावाला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला, आता हा तोंड दाखवणार नाही. पण पुढच्या गुरुवारी तो नेहमीच्या वेळी माडीवर हजर. खुर्च्या मांडल्या, स्टँड उभे केले, मोठ्या किटलीत चहाचं पाणी तापायला ठेवलं आणि मागे जाऊन बसला. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं, आणि आता जा कोण म्हणणार?

मास्तर त्याच्याशी बोलायचे बंद झाले, ते कायमचे. बाकीचे बोलत, पण कसे! किराणा दुकानदार स्टॅन्ली क्रॅबट्री त्याला बेकनचा तुकडा जरा जाडच कापून द्यायचा आणि तो पाठमोरा झाला की पुढच्या गिऱ्हाइकाला डोळा घालायचा. हा क्रॅबट्री बॅन्डच्या कमिटीतही होता. शेजारणी हॉटपॉटचं, म्हणजे मटण-बटाट्याच्या रश्श्याचं, भांडं आणून देत, पण दारातूनच परत फिरत. त्याला सगळे जास्त वाढत आणि कमी विचारत.

आणि सगळ्यांना वाटायचं, आपण ओठांनी म्हणतो ते याला काय कळतंय.

एका दुपारी तो टोपल्या घेऊन साचेखात्यात आला. हिल्डाच्या पलीकडे एथेल नटॉल चार साचे सांभाळत होती. तोंडाने फटकळ, मनाने मऊ. ती हिल्डाला ओठांनी म्हणाली, "तो बघ आला. बिचारा म्हातारा करंटा."

क्लेमने टोपली खाली ठेवली. हात पँटला पुसले. एथेलच्या समोर जाऊन उभा राहिला आणि आवाज न काढता, एकेक अक्षर नीट घोळवत म्हणाला, "म्हातारा कुणाला गं? तुझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होतो मी."

एथेल कानापर्यंत लाल झाली. तिचा धागा तुटला, धोटा अडकला. हिल्डाला असं हसू फुटलं की तिला साचाच बंद करावा लागला.

"आणि बाकीच्याबद्दल तक्रार नाही?" तिने ओठांनी विचारलं.

"बाकीचं बहुमताने ठरलंय," तो म्हणाला आणि टोपली उचलून निघून गेला.

विणकर बाईचा मुलगा तो, आईच्या साच्याखाली पडून वाढलेला. त्याला कळणार नाही असं या सगळ्यांना वाटलं तरी कसं, याचंच हिल्डाला मग दिवसभर नवल वाटत राहिलं.

तिथून त्यांचं बोलणं सुरू झालं. तो कांड्या घेऊन यायचा, दोन वाक्यं बोलायचा, जायचा. शेकडो साच्यांच्या त्या कल्लोळात त्यांच्याइतकं निवांत दुसरं कुणी बोलत नसेल. बाहेर रस्त्यावर भेटले तर दोघंही गडबडून जात, आवाज काढून बोलायची सवयच नव्हती ना एकमेकांशी. थंडी सरत आली तेव्हा एकदा तिने विचारलंच, "काय झालं होतं रे तुला? खरं सांग."

"पर्सी वाजवत होता ना."

"हो."

"ऐकत होतो."

"मग?"

"मग काही नाही. ऐकतच होतो. तो थांबला हे मला कळलंच नाही. माझ्या कानात चालूच होतं. म्हटलं, इतकं छान चाललंय, आपण मधे कशाला तोंड घालायचं. डोळे उघडले तर मास्तर माझ्याकडे बघतायत आणि माझी जागा निघून गेलेली."

हिल्डाला भलताच राग आला. "एवढ्यासाठी? प्यायला असतास तरी परवडलं असतं रे! घाबरला असतास तरी! माझा बाप त्या दिवसाची जन्मभर वाट बघत होता." आणि तिने पाठ फिरवली. साचेखात्यात पाठ फिरवणं म्हणजे तोंडावर दार लावून घेणंच.

बरेच दिवस ती त्याच्याकडे वळली नाही. तो कांड्या ठेवायचा आणि जायचा.

एका रविवारी जेवताना मात्र तिला राहवलं नाही. जेबेझ मटण कापत होते. "बाबा," ती म्हणाली, "पर्सीने त्या दिवशी कसं वाजवलं होतं?"

सुरी थांबली. "कोणत्या दिवशी?"

"तुम्हाला माहितेय कोणत्या."

मास्तरांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. पर्सी एव्हाना बायकोपोरं घेऊन कॅनडाला निघून गेला होता. "तसं मी त्याला शिकवलं नव्हतं," ते म्हणाले. "तसं मी कुणाकडूनच ऐकलं नव्हतं. पोरी, माझासुद्धा एक ठोका चुकला त्यात. कुणाच्या लक्षात आलं नाही." मग एकदम ताठ झाले. "पण मी हात खाली घेतला नाही. हात खाली घ्यायचा नसतो. बटाटे दे इकडे."

सोमवारी क्लेम आला तेव्हा हिल्डा साच्याकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करूनच उभी होती.

लग्न करायचं म्हणाली तेव्हा जेबेझनी पाइप तोंडातून काढला. "त्या करंट्याशी?"

"हो."

"कीव येते म्हणून करत असशील तर आत्ताच सांग."

"कीव नाही येत हो, बाबा. हसू येतं."

बॅन्डमधल्या माणसाचं लग्न असलं की बॅन्ड चर्चच्या पायऱ्यांवर वाजवतो, असा हॅगडेनचा रिवाज. त्या दिवशी सगळे वाद्यं घेऊन आले खरे, पण क्लेम बॅन्डचा धरायचा की नाही हे कुणाला ठरवता येईना. क्रॅबट्री विचारायला घुटमळत पुढे आला. जेबेझ म्हणाले, "माझ्या मुलीचं लग्न आहे," आणि हात वर केला. जावयाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

हिल्डाने वडिलांना एकटं टाकायचं नाही म्हणून क्लेमच रॉस्ट्रनच्या घरी राहायला आला. एका छपराखाली, एका टेबलावर, आणि मास्तर त्याच्याशी अवाक्षर बोलायचे नाहीत. "त्याला सांग, कोळसा संपलाय." "त्याला विचार, पेपर वाचून झाला का." क्लेम समोरच बसलेला असायचा. हिल्डा गंभीर चेहऱ्याने निरोप पोचवायची: "क्लेम, कोळसा संपलाय." आणि तो तितक्याच गंभीरपणे म्हणायचा, "सांग त्यांना, आणतो." पुढे आठवण काढताना ती म्हणे, ते दिवस वाईट नव्हते काही. शेगडी पेटलेली, खिडकीत जिरेनियमची कुंडी, एका बाजूला बाप, एका बाजूला नवरा, आणि मधे आपण टपाल वाटतोय. घर भरलेलं होतं.

मग मास्तरांचे कान जायला लागले. साच्यांत आयुष्य काढलेल्या सगळ्यांचे जातात, त्यात नवीन काही नाही. पण बॅन्डमास्तरचे जाऊन कसं चालेल? आधी हिल्डाच्या लक्षात आलं. किटली शिट्टी मारून मारून आटली तरी ते शेजारी बसून पेपर वाचत होते. मग गुरुवारी माडीवर कॉर्नेटवाल्यांनी एका जागी चक्क गोंधळ घातला आणि मास्तरांचा हात शांतपणे पुढे चालत राहिला. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कमिटीत कुजबुज सुरू झाली. क्रॅबट्री हिल्डाला दुकानात म्हणाला, "मास्तरांनी आता विश्रांती घ्यावी, नाही का गं?" तिने बेकनचे पैसे मोजून ठेवले आणि निघाली.

त्यानंतरच्या एका गुरुवारी हिल्डा मास्तरांच्या बाजूला, चहाच्या टेबलापाशी कप मांडत होती. क्लेम मागे, सगळ्या वादकांच्या पाठीमागे, जास्तीच्या खुर्च्या रचत होता. वादन चालू होतं आणि हॉर्नवाले सुरापेक्षा चढे लागले. खडा दाताखाली यावा तसं क्लेमचं तोंड वाकडं झालं आणि त्याचे ओठ आपसूक बोलून गेले, "हॉर्न चढलेत."

मास्तरांची नजर नेमकी तिथेच होती.

त्यांनी हात खाली घेतला. सगळे थांबले. "हॉर्न!" मास्तर गरजले. "चढलाय तुम्ही. परत."

हॉर्नवाले एकदम सावरून बसले. क्रॅबट्री बॅन्डमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा, त्याने मान हलवली, म्हाताऱ्याचे कान अजून शाबूत आहेत म्हणून. वादकांची तोंडं मास्तरांकडे, पाठ क्लेमकडे, त्यामुळे कुणाला काही दिसायचा प्रश्न नव्हता. दिसलं ते एकट्या हिल्डाला. तिने हातातला कप अलगद बशीत ठेवला.

घरी जाताना तिघं बरोबरच निघाले. वाटेत बोलणं झालं ते फक्त कोळशाचं. पण पुढच्या गुरुवारी क्लेमने आपली खुर्ची मागच्या रांगेच्या बरोब्बर मधोमध, मास्तरांच्या थेट समोर मांडली.

वर्षानुवर्षं ते तसं चाललं. "दुसरा कॉर्नेट घाई करतोय." "बासवाले दबलेत, जरा उठवा." "आता छान, आता काही बोलू नका." क्लेमचे ओठ हलत आणि मास्तरांचा हात त्याप्रमाणे वळे. त्या दोघांत शब्द तेवढेच. घरी पुन्हा "त्याला सांग, कोळसा." एकदा क्रॅबट्रीने कमिटीच्या बैठकीत विचारलं, हा करंटा बॅन्डमध्ये फुकट जागा का अडवून बसतो? जेबेझ म्हणाले, "मग खुर्च्या तू मांडशील का?" विषय तिथेच मिटला.

आणि मग हॅगडेनला पुन्हा मँचेस्टरचं बोलावणं आलं. या खेपेला गाव रिकामं वगैरे झालं नाही, घरोघरी टीव्ही आला होता, एकच बस पुरली. वादकांमागे मोठा ढोल धरायला म्हणून क्लेम रंगमंचावर चढला. परीक्षक पडद्याआड बसतात, त्यांना वाजवणारे दिसत नाहीत, आणि ढोल धरणाऱ्याकडे प्रेक्षक बघत नाहीत. हिल्डाने त्या दिवशी बाजूची खुर्ची धरली होती. तिला संगीत फारसं आठवत नाही. ढोलाच्या वर दिसणारा क्लेमचा चेहरा आठवतो. संथ भाग आला. क्लेमचे डोळे टक्क उघडे होते. तो भाग चालू असेपर्यंत त्याने एकदाही पापणी मिटली नाही. नवीन युफोनियमवाल्या पोराची ओळ यायच्या आधी क्षणभर त्याचे ओठ हलले, "आता, मास्तर," आणि जेबेझचा डावा हात पसरला.

हॅगडेन तिसरं आलं. तिसरंच, पण लोक असे नाचले की ज्याचं नाव ते.

परतताना एका गावाबाहेर मासे आणि चिप्सच्या दुकानाशी बस थांबली. मोठी रांग लागली. जेबेझ पुढे होते. त्यांनी दोन पुड्या घेतल्या, एक हिल्डासाठी असेल म्हणून तिने हात पुढे केला. त्यांनी तिला ओलांडून पुडी क्लेमसमोर धरली. दुसऱ्या हातात बाटली होती.

"व्हिनेगर?" ते मोठ्याने म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेला.

क्लेमला काही क्षण कळलंच नाही की हे आपल्याला विचारलंय. सवयीने त्याने हिल्डाकडे पाहिलं. हिल्डाने काही निरोप पोचवला नाही.

"थोडंसं, मास्तर," तो म्हणाला.

जेबेझनी त्याच्या ओठांकडे बघत व्हिनेगर शिंपडलं, थोडंसं म्हटलं त्याहून बरंच जास्त. मग तिघं रस्त्याच्या कडेच्या भिंतीवर बसून खात राहिले. हिल्डाचे डोळे पाणावलेले पाहून कुणीतरी विचारलं तर म्हणाली, व्हिनेगर उडालं.

पुढल्या वसंतात जेबेझ गेले. नवा मास्तर तरुण होता, कानाने तल्लख. त्याला मागे कुणी बसायची गरज नव्हती. क्लेम खुर्च्या मांडून घरी यायला लागला, आणि पुढे तेही दुसऱ्या कुणी घेतलं. शब्द मात्र गेला नाही. गावात नवीन आलेल्यांना तो का म्हणतात हेसुद्धा माहीत नव्हतं, मूळ कारण झिजून गेलं होतं आणि शब्द तेवढा उरला होता. एका चहापानात क्रॅबट्री कुणाला तरी सांगत होता, "बिचारा करंटा, सासऱ्याच्या कृपेने आयुष्यभर खुर्च्या उचलत बसला." हिल्डा ताडकन उठली. सगळं सांगून टाकायचं तिच्या ओठांवर आलं होतं.

क्लेमने खोलीच्या त्या टोकावरून तिला पाहिलं. आवाज न काढता म्हणाला, "राहू दे. मास्तरांचं नाव आहे त्यात. मला काय, मला सवय आहे."

ती खाली बसली. पण त्या दिवसापासून क्रॅबट्रीच्या दुकानातून तिने बेकन आणलं नाही, लांब स्टेशनजवळच्या दुकानात जायची.

गिरणी बंद झाली. साचे भंगारात गेले, हातोड्यांनी फोडून. भोंगा थांबला त्यानंतर गावात काही दिवस लोक चुकीच्या वेळी उठत होते. इतकी शांतता हॅगडेनला सोसवेना. एथेल आणि हिल्डा मात्र रस्त्याच्या दोन बाजूंनी अजून ओठांनीच बोलत, आणि बसची वाट बघणारी नवी माणसं या दोन म्हाताऱ्यांकडे चमकून बघत.

हिल्डाचे कानही बापासारखे गेले. क्लेमचे राहिले, तो कांड्या ठेवून त्या कल्लोळातून लगेच बाहेर पडणारा माणूस. ऑगस्टमध्ये दोघं डबा घेऊन वरच्या माळावर जात, तिथे झुडपांत काळीनिळी फळं लागतात, ती वेचायला. घरी पेस्ट्रीत घालायला उरतात त्यापेक्षा वेचतानाच जास्त खाल्ली जातात. क्लेमची जीभ, दात, हनुवटी सगळं जांभळं व्हायचं. वारा असा की डोक्याचा रुमाल, टोपी काही जागेवर राहायचं नाही. मधेच वाकलेला तो सरळ उभा राहायचा आणि एक बोट वर करायचा. कुठेतरी वर चंडोल पक्षी गात असायचा, किंवा खाली दरीत बॅन्डचा सराव चालू असायचा, किंवा नुसतं पाणी वाहत असायचं. हिल्डाला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. ती डबा खाली ठेवायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहायची, त्याचं ऐकून होईपर्यंत.